दूध तोडण्याची कृती लेखी कळवावी

मेहरूण, जळगाव
१० मार्च

आईस,

नमस्कार. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन न बघता बंद करता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी हातात घ्यावं लागतं. आणि तुमचे पोस्टमन नथ्थूभाऊ ते ओट्यावर टाकून जाणार नाहीत, तुझ्या हातात देऊन, पाणी पिऊन, कोणाचं आहे ते विचारूनच जातील.

हे पत्र माफीचं नाही. एका तांत्रिक बाबीसंबंधी आहे.

ऋतिका दोन वर्षं पाच महिन्यांची झाली. वजन अकरा किलो आठशे ग्रॅम, दात अठरा. कळण्याची भाकरी, वरण-भात, शेवभाजीतली फक्त शेव, असं सगळं खाते. शिवाय दिवसातून आठ वेळा अंगावर पिते. डॉक्टरांना त्यात काही गैर वाटत नाही, मलाही वाटत नाही. अडचण वेगळी आहे. ५ मेपासून बारा दिवस मला प्रशिक्षणासाठी कोइमतूरला जायचं आहे. ते करून आल्यावर आमच्या कारखान्यातली चाचणी प्रयोगशाळा माझ्याकडे येईल. (मी काय काम करते हे तू कधी विचारलं नाहीस म्हणून सांगते: ठिबकच्या नळीला पंचवीस जागी पंचवीस मापं लावायची आणि ठरल्या दाबाला ताशी किती पाणी पडतं ते मोजायचं.) मी गेले नाही तर भाईदास सर जातील. ते घड्याळ न बघता आकडे लिहितात.

गावातल्या बाया दूध तोडायची पोरं वर्षानुवर्षं तुझ्याकडे आणून सोडतात आणि तीन दिवसांनी नेतात. माझ्या लहानपणी सुट्टीत आपल्या घरी कोणाचं ना कोणाचं रडणारं मूल असायचंच. तू त्यांना नेमकं काय करतेस ते मी बघितलं नाही. मी अभ्यास करत असायचे.

तरी कोणता पाला, किती प्रमाणात, दिवसातून किती वेळा, ही कृती लेखी कळवावी.

लाडवांच्या डब्याविषयी या पत्रात काही लिहिलेलं नाही.

दिपमाला


मेहरूण, जळगाव
२२ मार्च

आईस,

उत्तर आलं नाही. दरम्यान इथे जे प्रयत्न झाले त्यांची माहिती देते, म्हणजे तेच उपाय तू पुन्हा सुचवायला नकोस.

सगळे प्रयत्न माझ्या सासूबाईंचे. पहिला, कडुनिंब. सासूबाईंनी पाला वाटून दिला, मी सांगितल्याप्रमाणे लावला. ऋतिकानं तोंड लावलं, तोंड वाकडं केलं, उतरून गेली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून मान हलवतोय तोवर ती मोरीतून ओला नॅपकिन घेऊन आली. "आई, कडू लागलंय. पुस." मी पुसेना, तेव्हा तिनंच पुसलं. नीट, कोपऱ्यांसकट. मग प्यायली. आता रोज पिण्याआधी नॅपकिन आणते, कडू असो वा नसो.

दुसरा, कोरफड. ती तिला आवडली.

तिसरा उपाय माझ्या मनाला पटत नव्हता. कुंकू ओलं करून लावायचं, वर पट्टी चिकटवायची आणि "आईला बाऊ झाला" असं सांगायचं. ऋतिका रडली नाही. फुंकर घातली. हळद आणायला आजीला पिटाळलं. संध्याकाळी सोसायटीच्या वॉचमनला, जीवराम काकांना, तिनं माझा बाऊ कुठे आहे ते हात लावून दाखवलं, आणि तेव्हापासून ते माझ्याकडे न बघता गेट उघडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पट्टी स्वतः काढली, तपासलं, "बरं झालं" म्हणाली, आणि आजारी माणसाला भेटायला गेल्यासारखी बराच वेळ थांबली.

माझा नवरा समाधान यावर हसला. त्याला सांगितलं आहे की कोइमतूरच्या बारा दिवसांत नॅपकिन त्याच्याकडे घेऊन येईल ती.

सासूबाई सारखं विचारतात, "तुझी आई एवढी नावाजलेली, तिला का नाही विचारत?" मी म्हणते, तिचे गुडघे दुखतात. त्यांना इतकंच माहीत आहे की पहिलं बाळंतपण मी माहेरी न करता इथल्या दवाखान्यात केलं. तू डिंकाच्या लाडवांचा पाच किलोचा डबा आपल्या धाकट्या स्वप्नीलबरोबर पाठवलास, आणि मी तो एका कागदासह परत पाठवला, हे त्यांना माहीत नाही. कागदावर दर लाडवामागे तूप किती, गूळ किती आणि डॉक्टरांनी परवानगी दिलेलं प्रमाण किती, एवढंच होतं. आकडे बरोबर होते.

तेव्हापासून आबा फोनवर बोलतात, पण तुझं नाव काढलं की त्यांची रेंज जाते.

पाल्याचं नाव तेवढं कळव.

दिपमाला


मेहरूण, जळगाव
४ एप्रिल

आईस,

काल स्वप्नील मोटारसायकलचे पार्ट घ्यायला जळगावला आला होता. तुझा निरोप त्यानं दिला. त्याला मी जसाच्या तसा सांगायला लावला, म्हणून चुकण्याचा संभव नाही. तू म्हणालीस, "त्या इंजिनेर बाईले सांग, ते काय पापड शेतस, कृती लिखी देवाले?"

ठीक आहे.

कळवण्यास आनंद होतो की कृतीची गरज उरलेली नाही. मी स्वतःच्या पद्धतीनं टप्प्याटप्प्यानं कमी करत आणलं आहे. १० मार्चला दिवसातून आठ वेळा होतं, २४ मार्चला पाच, आज तीन. या गतीनं २० एप्रिलपर्यंत शून्यावर येईल. आलेख काढला आहे. रेघ सरळ खाली येते.

एकच प्रसंग सांगण्यासारखा. समाधानच्या चुलतबहिणीच्या, सपनाच्या हळदीला आम्ही भुसावळला गेलो होतो. ऋतिकाला डावं-उजवं मी वेळेत शिकवलं आहे, चप्पल घालताना उपयोग होतो. बायकांच्या घोळक्यात मी तिला पदराखाली घेऊन एका बाजूला बसले होते. वाजंत्री थांबली तेव्हाच तिनं पदरातून डोकं बाहेर काढून सांगितलं, "डावं संपलं. आता उजवं." मांडवात जे पुरुष होते ते सगळे एकाच वेळी वरच्या पंख्याकडे बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "पोरगी हुशार आहे, शाळेत घाला." दुसरी म्हणाली, शाळेत डबा काय द्याल. सासूबाईंनी मला शालीत गुंडाळून मागच्या खोलीत नेलं. तिथे आणखी दोन बाया बसल्या होत्या, एकीचं पोर साडेतीन वर्षांचं. त्यानं आम्हाला बघून हात हलवला.

आमच्या ऑफिसात भाईदास सरांनी मला तिसऱ्यांदा विचारलं, "मॅडम, तिकीट काढलं का नक्की?" काढलं आहे. दाखवलं.

तेव्हा काळजी नसावी. तुला काळजी आहे असं माझं म्हणणं नाही.

दिपमाला


मेहरूण, जळगाव
१६ एप्रिल

आईस,

माझ्या ४ एप्रिलच्या पत्रातले आकडे चुकीचे आहेत. दुरुस्ती पुढीलप्रमाणे: १० मार्च, आठ. २४ मार्च, सात. ४ एप्रिल, आठ. काल, नऊ.

नऊ वर्षं मी मोजमापाचं काम करते. खोटी नोंद पहिल्यांदा केली, आणि तीसुद्धा अशा ठिकाणी जिथे कोणी तपासायला येणार नव्हतं. तू आलेख मागितला नव्हतास. तो मी का काढला, ते सांगता येत नाही.

आकडा का उतरत नाही, ते शोधलं. आठवडाभर दर वेळी कोणी मागितलं ते लिहून ठेवलं. ऋतिकानं मागितलं: दिवसाला चार ते पाच वेळा. उरलेल्या वेळा तिनं मागितलंच नव्हतं. ती डबे वाजवत असते, आजीबरोबर शेंगा फोडत असते. मी कारखान्यातून येते, पाय धुते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसते. मी त्या खुर्चीत बसले की ती शेंगा टाकून येते. बसते मी. रविवारी ती शेजारच्या मुलीशी खेळत होती, तर मी तिला हाक मारली. सासूबाई दळण निवडत होत्या. त्यांनी सूप जरा जोरात पाखडलं.

दर वेळेला सरासरी बारा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मला कोणी काही विचारत नाही आणि मी काही मोजत नाही. ती एका हातानं माझ्या मंगळसूत्राची वाटी फिरवत राहते. कोइमतूरला जायचं मी ठरवलं आहे, आणि मला जायचं आहे, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर आहेत अशी नोंद आमच्याकडे करता येत नाही.

आता लाडवांबद्दल. आकडे बरोबर होते, हे मी अजून म्हणते. पण त्या आठवड्यात मला दूध येत नव्हतं. तीन दिवस थेंब नाही, पोर रडतंय, नर्स दाबून बघतेय. अशा वेळी तुझा डबा आला. उघडला तर घराचा वास आला आणि मला रडू फुटलं. मला रडायचं नव्हतं. म्हणून कागद घेतला आणि तूप मोजायला बसले. डब्यात पंच्याण्णव लाडू होते. परत पाठवताना चौऱ्याण्णव होते. एक मी खाल्ला होता. चौथ्या दिवशी दूध आलं. लाडवानं आलं असं शास्त्र म्हणत नाही.

परवा स्वप्नील पुन्हा आला. त्याला कोंडीत धरून विचारलं, आई त्या पोरांना लावते तरी काय. तो माझ्याकडे बघेना. पाण्याच्या फिल्टरकडे तोंड करून बोलला. "अक्का, ती काहीच लावत नही. पोरले सोताना आंगवर लेस. त्याम्हान काय निंघस? पोर तीन दिन धरस, मंग आपसुक सोडी देस." एवढं बोलून तो चहा न घेता गेला.

म्हणजे कृती ही आहे. मी पाला, प्रमाण, वेळा विचारत होते, आणि तू परक्यांच्या पोरांना आपल्या कोरड्या अंगाशी धरून बसत होतीस, जोवर त्यांची त्यांना खात्री पटत नाही की इथे आता काही नाही. हे लिहून देण्यासारखं नाही, ते आता कळलं. पापडाचं म्हणणं बरोबर होतं.

त्यानं तुझा दुसरा निरोपही दिला. "बठ्ठा कागद भेटनात. आते तोंड लई ये म्हना तिले."

कागद सगळे पोचले, आता तोंड घेऊन यायचं. पण माझ्या तोंडाबद्दल तुला माहीतच आहे. लिहिलेलं जमतं. बोलायला गेले की एक तर काहीच येत नाही, नाहीतर आकडे येतात.

१९ दिवस उरले.

दिपमाला


ओटा, तुझं घर
२९ एप्रिल, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं

आईस,

हे पत्र नथ्थूभाऊ आणणार नाहीत. मी बाहेर बसले आहे. तुला माहीत आहे, कारण तू दोनदा दारात येऊन गेलीस. एकदा पाणी फेकायला आणि एकदा ऊन किती चढलं ते बघायला. पाणी तू कुंडीत टाकत आली आहेस आजवर, आणि ऊन आतूनही दिसतं.

सकाळच्या पॅसेंजरनं आलो. गाडीत समोरच्या बाकावर लग्नाला चाललेली मंडळी होती. ऋतिकानं अमळनेरपर्यंत दोनदा मागितलं, नॅपकिन विसरल्यामुळे एका आजोबांकडून रुमाल मागून घेतला, काम झाल्यावर घडी करून परत दिला. तो कशासाठी होता हे आजोबांना उशिरा कळलं. नरडाण्याला उतरून रिक्षानं आलो. गल्लीत उद्याच्या आखाजीचे झोके बांधलेले आहेत. मी दोन आखाज्या माहेरपणाला आले नाही. समोरच्या यशोदाकाकूंनी बघितलं, "दिपमाला नं तू?" म्हणाल्या, मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून त्या दारातला केर काढताहेत. केर संपला आहे.

मी आत आले नाही, कारण आत आल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं ते मला येत नाही. गाडीत पाठ केलं होतं, ते उंबऱ्यापर्यंत टिकलं नाही. म्हणून लिहून देते.

४ मेच्या संध्याकाळपासून १७ मेपर्यंत ऋतिकाला तू ठेवून घेशील का? तिचं तोडलं गेलं तर गेलं, नाही गेलं तर आल्यावर बघू. ती वरण-भातात लिंबू पिळून खाते. झोपताना कोणाचं तरी गळ्यातलं धरते. उत्तर हो की नाही एवढंच तिच्याबरोबर पाठव. तिला दोन्ही शब्द येतात. नाही जास्त चांगलं येतं.

हा कागद तिच्या हातात देऊन तिला आत सोडते आहे.

दिपमाला


तीच जागा, दुसरा कागद
अकरा वाजून पन्नास मिनिटं

आई,

तू कागद घेतलास आणि न वाचता कमरेला खोचलास. ते मला इथून दिसलं. दार सताड उघडं आहे आणि तू खांबाशी बसली आहेस, माझ्यापासून फार तर आठ फुटांवर.

मला वाटलं होतं ती घाबरेल. तिनं तुला तुझ्या फोटोत बघितलंय, समोर कधीच नाही. ती तुझ्यासमोर उभी राहिली, तुला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि मांडीवर चढून तिनं नेहमीचीच मागणी केली. मोठ्यानं. काकूंचा केर थांबला. तू माझ्याकडे बघशील असं वाटलं. बघितलं नाहीस. खांबाला टेकलीस, पदर घेतलास, आणि तिला आत घेतलंस.

मला फक्त तिच्या टाचा दिसत होत्या. डावीकडे तिला चार मिनिटं लागली. हे मी घड्याळात बघितलं, सवय आहे. मग तिनं बाजू बदलायला सांगितली आणि तू बदललीस. उजवीकडे दोन मिनिटं. त्या सहा मिनिटांत मला तिचा हेवा वाटला की तुझा, ते ठरवता आलं नाही. तिथे एकतीस वर्षांपूर्वी मी होते, एवढं मनात आलं. मला ते आठवणं शक्य नाही.

मग ती उठून बसली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आजीचं संपलं."

तू हसलीस. अडीच वर्षांत मी ते ऐकलेलं नाही. मलाही हसू आलं, पण ओट्यावर एकटीनं बसून हसणं बरं दिसत नाही, म्हणून मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. काकू उघड हसल्या.

त्यानंतर तू तिला वाटीत काहीतरी दिलंस. ती ते खात बसली. दाराकडे एकदाही वळली नाही. मी खुर्चीत नाही, ओट्यावर बसलेली, तिच्यासमोर, आणि तिला माझी आठवण नव्हती. हे मला बघायला हवं होतं. कोणीतरी दाखवायला हवं होतं.

आत्ता ती बाहेर आली. तोंडाला गूळ लागलाय. तू शिकवलेलं वाक्य तिनं एका दमात म्हटलं, तिच्या तोंडून पहिल्यांदाच अहिराणी ऐकली: "आजी म्हनस, तुन्ही मायले इचार, कागद सरनात का?"

सरले नाहीत. वहीत चाळीस पानं कोरी आहेत आणि पेन नवं आहे. मी संध्याकाळपर्यंत इथे बसून लिहू शकते, तू संध्याकाळपर्यंत खांबाशी बसून कमरेला खोचत राहू शकतेस, आणि ऋतिका येत-जात राहील. ती दमणार नाही.

तुला जे ऐकायचं आहे ते एका वाक्यात बसतं. ते आता आठवलंही आहे. पण या कागदावर लिहिलं तर मला म्हणावं लागणार नाही, म्हणून लिहीत नाही. हा कागद मी तुला देणारही नाही.

ऋतिका दारात उभी आहे, एक पाय आत, एक बाहेर. "आजीला काय सांगू?" म्हणून विचारते आहे. तिला म्हटलं, काही नको सांगूस, मी सांगते.